नोंदयंत्राचे व्याकरण

१

आमच्यापैकी एक जण पेणला शिकवतो, दुसरा रोह्याला. विषय दोघांचाही मराठी. ज्यांना ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणायची पद्धत आहे अशा चर्चासत्रांना हजेरी लावण्याचा योग (की भोग?) आम्हांला वरचेवर येतो. तिथे दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले येते विज्ञान आणि मानसशास्त्राच्या व्यासपीठावरून : निरीक्षक चुकतो, यंत्र चुकत नाही, म्हणून यंत्राने नोंद घेतली की वस्तुनिष्ठता सुरू झाली. दुसरे येते आमच्याच, म्हणजे साहित्याच्या बाकांवरून : यंत्राने सजीवाचा आकडा करून टाकला, पिंजऱ्यातल्या उंदराचे झाले तेच उद्या माणसाचे होणार, वगैरे. पहिल्या विधानाला टाळ्या पडतात, दुसऱ्यावर माना डोलतात, आणि चहाची वेळ होते.

आमचे म्हणणे असे की ही दोन्ही विधाने एकाच अज्ञानातून जन्मलेली आहेत. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या वर्तनाची स्वयंचलित नोंद कशी सुरू झाली, तिने काय मिळवून दिले आणि कशाला मुकावे लागले, हा इतिहास दोन्ही पक्षांनी वाचलेला नसतो. तो वाचला तर लक्षात येते की यंत्राने निरीक्षकाला घालवलेले नाही. त्याला एक पायरी मागे नेऊन बसवले आहे. कोणती हालचाल ‘घटना’ म्हणून धरायची आणि कोणती सोडून द्यायची, हे पिंजरा बांधतानाच ठरून जाते. ठरवणारा माणूसच असतो. नोंद हाती येईपर्यंत तो दृष्टीआड झालेला असतो, एवढेच.

मराठीच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर सोपे आहे. काय नोंदवावे, कोणत्या एककात नोंदवावे आणि काय गाळावे, या प्रश्नांना आम्ही आमच्या वर्गात वृत्त, कथनाचा दृष्टिकोन, रूपबंध अशी नावे देऊन आयुष्यभर शिकवीत आलो आहोत. नोंदयंत्रालाही व्याकरण असते, आणि व्याकरण वाचणे हे आमचे काम आहे.

२

यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवे ते आधी बोलून घेऊ.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवीत असे. जे उत्तर असेल तितक्या वेळा तो खूर आपटायचा. १९०४ साली नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीलाही त्यात लबाडी आढळली नाही. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की घोड्याला गणित येतच नव्हते. योग्य आकडा जवळ आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि घोडा ते टिपे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुके. मालक प्रामाणिक होता, समिती प्रामाणिक होती, आणि निष्कर्ष मात्र साफ चूक होता.

पुढे १९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितले, तुमचे उंदीर हुशार वाणाचे. काहींना सांगितले, तुमचे मठ्ठ वाणाचे. प्रत्यक्षात त्या उंदरांत असा काही भेद नव्हता. नोंदी आल्या त्या मात्र ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस दाखवणाऱ्या. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून का तपासायचे, याचे याहून चांगले स्पष्टीकरण आमच्या माहितीत नाही.

तेव्हा निरीक्षकावर अविश्वास दाखवायला सबळ कारण होते. साधनेही हळूहळू तयार होत होती. १८४७ च्या सुमारास जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी कायमोग्राफ बनवला : काजळी धरलेला कागद गुंडाळलेला, सतत फिरणारा दंडगोल आणि त्यावर रक्तदाबाची रेघ ओढणारी सुई. फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी घोड्याच्या खुरांना हवेच्या पिशव्या बांधून त्याच्या चालीचीच रेघ कागदावर उतरवली. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी घोड्याच्या वाटेवर दोरे ताणून ठेवले. धावता घोडाच ते दोरे तोडी आणि ओळीने मांडलेले कॅमेरे उघडी. प्राण्याने स्वतःची नोंद स्वतः करावी, ही कल्पना इथे पुरती मूर्त झाली.

त्यानंतर पिंजरा आला. १८९८ साली कॉलिन स्ट्युअर्ट यांनी उंदराला फिरत्या पिंजऱ्यात ठेवून तो रोज किती धावतो याची नोंद यंत्रावर घेतली. १९२२ साली कर्ट रिश्टर यांनी उंदराच्या हालचालींचा असाच यांत्रिक अभ्यास प्रसिद्ध केला. या नोंदींतून जे दिसले ते डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. उंदराची हालचाल ठरावीक अंतराने वाढते आणि ओसरते. रात्रीला तिचा एक ताल असतो, आणि बाहेरचा उजेड बंद केला तरी तो टिकून राहतो. १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनी ज्या फळमाश्यांचे दिवसरात्रीचे घड्याळ बिघडलेले होते अशा माश्या शोधून त्यामागचे जनुक दाखवले, तेही दिवसरात्र न थकता चालणाऱ्या नोंदींच्या बळावर. कोणता संशोधक दहा रात्री सलग न झोपता एका माशीकडे पाहील? यंत्राने जीवनाचा ताल मारला असे जे आमचे सहकारी म्हणतात, त्यांना आम्ही नम्रपणे सुचवतो की तो ताल ऐकू आला तोच यंत्रामुळे.

३

या परंपरेचा कळस म्हणजे बी. एफ. स्किनर यांचे संचयी नोंदयंत्र. रचना अगदी साधी. कागद एका गतीने सरकत राहतो. पेटीतल्या उंदराने दांडी दाबली की लेखणी एक बारीकशी पायरी वर चढते. उंदीर स्वस्थ बसला तर आडवी रेघ, भराभर दांडी दाबू लागला तर चढ. रेषेच्या उतारावरून वर्तनाचा वेग वाचायचा. १९३८ चे ‘द बिहेवियर ऑफ ऑरगॅनिझम्स’ हे पुस्तक याच रेषांवर उभे आहे. चार्ल्स फर्स्टर यांच्यासह लिहिलेल्या १९५७ च्या ग्रंथात तर असे नऊशेहून अधिक आलेख आहेत.

हे यंत्र कसे सुचले ते स्किनर यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. खाऊच्या गोळ्या सोडणारी चकती त्यांनी अडगळीतल्या एका लाकडी वस्तूपासून बनवली होती. तिच्या मध्यावर एक दांडा उगाचच शिल्लक राहिला होता. त्याला दोरा गुंडाळला तर चकती फिरेल तसा दोरा उलगडेल आणि आपोआप वक्ररेषा मिळेल, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे एकदा गोळ्या सोडणारी यंत्रणा अडकली. उंदीर दांडी दाबत राहिला, गोळी येईना, हळूहळू त्याचे दाबणे मंदावले. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘विलोपन’ म्हणतात त्याची स्किनर यांना मिळालेली पहिली रेषा ती हीच. त्या वेळी ते खोलीत नव्हते. परत येऊन पाहतात तो रेषा तयार!

शोध लागताना शोधक गैरहजर, ही गोष्ट आमच्या वस्तुनिष्ठतावादी मित्रांना फार आवडते. पण ती नीट वाचावी. शोधक खोलीत नसला तरी दांडीत होता. उंदराने हजार गोष्टी कराव्यात : मिशा साफ कराव्यात, कोपरा हुंगावा, मागच्या पायांवर उभे राहावे, दचकावे, पेंगावे. यातली एकच गोष्ट लिहिली जाईल आणि बाकीच्या लिहिल्या जाणार नाहीत, हा निर्णय त्या दिवसाच्या कितीतरी आधी झालेला होता. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांत साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती एकाच आसनात बसलेल्या असतात. म्हणून गणपतीला दुसरे आसनच ठाऊक नाही, असा निष्कर्ष तिथला कोणताही कारागीर काढणार नाही. प्रयोगशाळेत मात्र असे निष्कर्ष निघाले, आणि ‘वर्तन’ या शब्दाचा अर्थच पुष्कळांच्या लेखी ‘दांडी दाबण्याचा वेग’ असा होऊन बसला.

४

याची किंमत काय पडली ते सांगणारी दोन उदाहरणे त्याच शास्त्राच्या घरातून देतो, म्हणजे बाहेरच्यांनी चिखलफेक केली असे वाटायला नको.

केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे दांपत्य स्किनर यांच्याच तालमीत तयार झालेले. प्राण्यांना शिकवण्याचा त्यांनी व्यवसायच केला. १९६१ साली त्यांनी आपल्या अपयशांची हकिगत प्रसिद्ध केली. रॅकून या प्राण्याला नाणी पेटीत टाकायला शिकवले. एक नाणे तो टाके. दोन दिली की ती एकमेकांवर घाशीत बसे, सोडता सोडत नसे. डुकराला लाकडी नाणी उचलून नेऊन टाकायला शिकवले. काही आठवड्यांनी ते वाटेतच नाणे टाकून नाकाने उकरू लागले, पुन्हा उचलून पुन्हा उकरू लागले. त्यात खाऊ मिळायला उशीर होई, तरी उकरणे वाढतच गेले. डुक्कर नाण्याला अन्नासारखे वागवत होते. नाणे पडल्याचे तेवढे मोजणाऱ्या यंत्राने इथे ‘प्रतिसाद कमी झाला’ असे लिहिले असते. प्रत्यक्षात प्रतिसाद ओसंडून वाहत होता. फक्त तो मोजायच्या रकान्यात बसत नव्हता.

दुसरे उदाहरण आम्हांला त्याहून मोलाचे वाटते. १९७३ साली हर्बर्ट जेंकिन्स आणि ब्रूस मूर यांनी कबुतरांची छायाचित्रे घेतली. भिंतीवरची प्रकाशित कळ कबूतर चोचीने टोचते, टोचले की विद्युत्‌मंडल जुळते आणि नोंद होते : हे सगळे वर्षानुवर्षे चालत आलेले. छायाचित्रांत दिसले ते असे : कळीनंतर दाणे मिळणार असतील तर कबूतर दाणा टिपावा तशी, चोच उघडून, झटक्यात कळ टोचते; पाणी मिळणार असेल तर पाणी प्यावे तशी, चोच जवळजवळ मिटलेली ठेवून, सावकाश कळीला भिडते. एक पक्षी कळ खात होता, दुसरा पीत होता. यंत्राच्या कागदावर दोघांची खूण एकच.

‘प्रतिसाद’ या एका शब्दाखाली तहान आणि भूक एकत्र बुजून गेली होती, आणि यंत्रात कसलाही बिघाड नव्हता. यंत्र खोटे बोलले नाही, हे खरेच. जे विचारले तेवढेच त्याने सांगितले. प्रश्न अपुरा होता, आणि अपुऱ्या प्रश्नाचे अचूक उत्तर फार काळ पूर्ण ज्ञान म्हणून खपले.

५

आता जरा घराकडे वळू. या वादातल्या दोन्ही पद्धती आमच्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, काही मैलांच्या अंतरावर नांदलेल्या आहेत. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९८१ साली ते रायगड झाले.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. त्याआधी हे काम मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत चाले. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक चढउतार तिथे छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला : ट्रामच्या विजेने नोंदी बिघडणार. म्हणून लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत, अलिबागला, यंत्रे उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी जोडीने घेतल्या, मगच कुलाब्याचे काम थांबवले. १९०७ पासून मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

स्वयंचलित नोंदीचे हे आदर्श उदाहरण. पण इथेही बारकाईने पाहा. सूर्यामुळे हललेली सुई आणि ट्राममुळे हलणारी सुई, सुईच्या दृष्टीने सारखीच. यातली एक ‘नोंद’ आणि दुसरी ‘व्यत्यय’, हा भेद मूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि त्या भेदापायी अख्खी वेधशाळा खाडीपार हलवली. लोहचुंबकाच्या बाबतीतही माणसाचा निवाडा टळला नाही, तर कबुतराच्या बाबतीत तो कसा टळेल?

त्याच तालुक्यात किहीमला १९३० साली सालिम अली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीपाशी, शिडीवर कापडाचा आडोसा करून, तासन्‌तास बसत. साधने म्हणजे डोळे आणि वही. त्यांनी पाहिले की नर अर्धवट घरटे विणतो. माद्या येऊन ती घरटी पारखतात. एखादीला घरटे पसंत पडले की ती त्याचा ताबा घेते. मग नर ते पूर्ण करतो आणि दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो. १९३१ साली हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. ‘पारखणे’, ‘पसंत पडणे’, ‘ताबा घेणे’ ही क्रियापदे कोणत्याही दांडीने लिहिली नसती. ती लिहायला मुळात प्रश्न सुचावा लागतो, आणि पाहता पाहता तो बदलावाही लागतो.

मात्र डोळ्यांचे गोडवे गाणाऱ्या आमच्या साहित्यिक मित्रांनी एवढ्यावर हुरळून जाऊ नये. या पक्ष्याला मराठीने ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी, गृहिणीच्या कौतुकाचे नाव दिले, आणि घरटे विणतो तो नर! आपल्या भाषेनेही नोंद घेण्याआधीच रकाना आखून ठेवला होता. साचा लाकडाचा असो की शब्दांचा, तो तपासावा लागतोच.

तिसरे उदाहरण पुण्याचे. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वेड्या राघूवरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बिळातल्या घरट्याकडे जाताना हा पक्षी जवळ उभ्या असलेल्या माणसाला बिचकतो. पण माणूस अशा जागी उभा असेल की तिथून त्याला घरटे दिसूच शकत नाही, तर पक्षी अधिक सहजपणे आत जातो. म्हणजे दुसऱ्याला काय दिसते याचा काही अंदाज पक्षी घेत असावा. इथे निरीक्षकाला वगळणे शक्यच नव्हते, कारण तोच प्रयोगाचा भाग होता. त्याने कुठे उभे राहायचे हे काटेकोर ठरवले, आणि त्यातून ज्ञान मिळाले. ज्या पक्ष्याला आपण ‘वेडा’ म्हणतो तो आपण काय पाहतो याचा हिशेब ठेवतो, ही गोष्ट मराठीच्या वर्गात सांगण्याजोगी आहे.

६

इंग्रजी शब्दाला आपण ‘वर्तन’ हा प्रतिशब्द वापरला खरा, पण मराठीत तो कोरा शब्द नव्हे. वर्तनात सद्वर्तन आणि गैरवर्तन दोन्ही दडलेली असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात बहुधा प्रत्येकाच्या नावे ‘चांगली’ असे लिहिलेले असते. न पाहता केलेला निवाडा म्हणजे हा दाखला; आणि निवाड्याचा मागमूस न दाखवता केलेली मोजणी म्हणजे यंत्राचा आलेख. पहिल्याला आपण हसतो. दुसऱ्यापुढे मान तुकवतो. दोन्हींत पाहण्याचे काम टाळलेले असू शकते, हे ध्यानात घेत नाही.

७

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रयोगशाळांनी आपणहून जे कबूल केले ते आमच्या म्हणण्याला बळ देणारे आहे. १९९९ साली जॉन क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी या तीन ठिकाणी एकाच वाणांचे उंदीर, एकाच प्रकारची साधने आणि एकच वेळापत्रक वापरून त्याच चाचण्या घेतल्या. तरीही काही निकाल प्रयोगशाळेगणिक बदलले. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले की खोलीत पुरुष संशोधक असला, इतकेच काय त्याने घातलेला सदरा नुसता ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांच्या वेदनेच्या प्रतिसादात फरक पडतो. निरीक्षक बाहेर गेला असे आपण समजत होतो; त्याचा वास आतच होता.

२०१८ साली आलेल्या डीपलॅबकट या संगणकप्रणालीने चित्रफितीतून प्राण्याचे नाक, पंजे, शेपूट यांचा माग आपोआप काढता येऊ लागला. पण त्याआधी माणसाने दोनशेएक चित्रांवर स्वतः बोट ठेवून ‘हे नाक, हा पंजा’ असे तिला शिकवावे लागते. जेंकिन्स आणि मूर यांना जे छायाचित्रांत शोधावे लागले ते आता अधिक सहज सापडेल, याचा आम्हांला आनंदच आहे. कुठे बोट ठेवायचे, हा प्रश्न मात्र माणसाकडेच राहिला.

हा नुसता तात्त्विक खल नाही. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रसायने बनतात, आणि आमचे कितीतरी माजी विद्यार्थी तिथे कामाला आहेत. एखादे रसायन मज्जासंस्थेला घातक आहे काय, हे ठरवताना जगभर उंदरांच्या वर्तनाच्या नोंदी आधाराला घेतल्या जातात. ओईसीडी या संघटनेने १९९७ साली अशा चाचणीची जी मार्गदर्शिका स्वीकारली, तिच्यात यंत्राने मोजलेली हालचाल आहे, आणि तिच्याबरोबरच प्रशिक्षित माणसाने केलेले तपशीलवार निरीक्षणही आहे : चाल कशी आहे, अंगाला कंप आहे काय, हाताळल्यावर प्राणी कसा वागतो. एकट्या आकड्यावर विसंबून राहू नये, एवढा शहाणपणा नियमाच्या पुस्तकातही आलेला आहे. हातात चहाचा कप धरला की बोटे थरथरतात असे उद्या एखाद्या कामगाराने सांगितले, तर ‘हालचालीची एकूण संख्या प्रमाणात आहे’ हे त्याला दिलेले उत्तर होऊ शकत नाही. कंप आणि चालणे दोन्ही हालचालच; त्यांतला फरक ओळखणाऱ्या क्रियापदावर कुणाचे तरी आरोग्य अवलंबून आहे.

८

आता आमच्याच घराबद्दल. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीने ती सुटसुटीत केली, रकाने राहिलेच. दारावर बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले. अध्यापक किती वाजता आला हे कळते. वर्गात काय झाले ते कळत नाही. व्याख्यान ऐकून एखाद्या मुलीने ग्रंथालयातून पुस्तक नेले, यासाठी रकाना नाही. याविरुद्ध आम्ही मराठीचे लोक काय करतो? ‘यंत्रयुगाचा शाप’ या विषयावर परिसंवाद घेतो, आणि त्याच्या प्रमाणपत्राचे गुण त्याच तक्त्यात भरतो. यंत्राला शिव्या देऊन यंत्राच्या रकान्यात बसणारी ही वृत्ती आम्हांला स्किनर यांच्या पेटीपेक्षा अधिक केविलवाणी वाटते. उंदराला रकाना दिसत नव्हता, आम्हांला दिसतो.

म्हणून आमची मागणी नोंदी बंद करा अशी नाही. ज्यांनी हान्स घोड्याची गोष्ट वाचली आहे ते तशी मागणी करणार नाहीत. आम्ही मागतो ते वाचनाचा हक्क. कोणतीही नोंद पुढ्यात आली की तीन गोष्टी विचारल्या गेल्या पाहिजेत. ‘एक घटना’ कशाला म्हणायचे हे कोणी आणि केव्हा ठरवले? एकाच खुणेखाली किती वेगवेगळ्या कृती दडल्या असू शकतात? आणि जे मोजले नाही त्याकडे कुणी एकदा तरी डोळ्यांनी पाहिले आहे काय? हे प्रश्न आम्ही कादंबरीला विचारतो, बखरीला विचारतो, शिलालेखाला विचारतो. पुढच्या सत्रात एम. ए.च्या वर्गात, शैलीविचाराच्या तासाला, एखाद्या शोधनिबंधातला ‘पद्धती’ हा भाग मराठीत मांडून वाचायला घ्यावा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सुरुवात १९७३ च्या त्या दोन कबुतरांपासून करू. इतर महाविद्यालयांतल्या मित्रांनीही करून पाहावी, आणि आमचे जिथे चुकते असे वाटेल तिथे अवश्य खोडून काढावे.